न्हाणीघराचा जमाखर्च

१८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात मालमत्ता करांची यादी आहे. पाणीपट्टी, सर्वसाधारण कर अशा ओळखीच्या नावांच्या शेजारी तिथे आणखी एक नाव होतं : हलालखोर कर. संडासातली घाण उचलून नेणाऱ्यांना तेव्हाच्या सरकारी कागदांत हलालखोर म्हणत. घरातला संडास घरच्यांनी वापरायचा, रिकामा दुसऱ्याने करायचा आणि त्या कामाचे पैसे पालिकेत भरायचे, असा तो हिशेब. पुढे जमिनीखालून गटारं गेली, कराचं नाव बदलून मलनिःसारण कर झालं आणि आजही मुंबईकराच्या मालमत्ता कराच्या बिलात तो निमूटपणे बसलेला असतो.

बाथरूम नव्याने करायला निघालेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर टाइल्स असतात, चकचकीत नळ असतात, काचेचं पार्टिशन असतं. या खोलीवरचा मोठा खर्च मात्र कायम न दिसणाऱ्या गोष्टींवर होत आला आहे. पाणी आणायचं, घाण न्यायची आणि या दोन्हींच्या मधल्या वाटेत ते खालच्याच्या छतातून टपकू द्यायचं नाही. गेल्या दीडशे वर्षांत खर्चाची ही तीन कलमं फारशी बदललेली नाहीत. बिल कोणाच्या नावे फाडलं जातं, ते मात्र सतत बदलत गेलं.

कोकणातल्या जुन्या घरात न्हाणी असे ती पडवीच्या टोकाला किंवा परसात, विहिरीच्या अंगाला. दगड बसवलेली जमीन, झापांचा आडोसा, कडेला चुलाण आणि त्यावर कायमचा बसवलेला हंडा. जळणाला पातेरा, करवंट्या, सोडणं. सांडपाण्याची सोय तर फुकटच : पाणी अळूच्या वाफ्यात किंवा केळी-माडांच्या बुंध्याशी सोडून द्यायचं. गटार नाही, पाइप नाही, त्यामुळे गळतीही नाही. देशावरच्या वाड्यात न्हाणीघर मागच्या चौकालगत असे आणि त्यातली सर्वांत महाग वस्तू म्हणजे तांब्याचा बंब. पुण्याच्या तांबट आळीत ठोकून घडवलेला बंब आणि घंगाळ पिढ्यान्‌पिढ्या चाले, घर बदललं तरी बरोबर जाई. खोलीत पैसे घालायची पद्धतच नव्हती. गुंतवणूक सगळी भांड्यांत.

पाणी आणण्याचा मोठा खर्च पुण्यात राज्यकर्त्यांनी केला होता. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शहरात आणलं गेलं. वाटेत दाब सांभाळायला उच्छ्वास होते आणि पेठापेठांत हौद. हौदापासून घरातल्या पिंपापर्यंतचा शेवटचा टप्पा मात्र घरच्या बायकांच्या कमरेवर किंवा पाणक्यांच्या खांद्यावर.

संडास घरापासून जमेल तेवढा लांब, मागच्या दाराला. बसायच्या जागेखाली टोपली किंवा डबा, आणि तो काढायची झडप मागच्या बोळात उघडणारी, म्हणजे नेणारा माणूस घरातून दिसायला नको. टोपलीचे संडास विसाव्या शतकात बराच काळ वापरात होते. १९४९ मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्याने सफाई कामगारांच्या परिस्थितीची चौकशी करायला बर्वे समिती नेमली. हाताने मैला उचलण्याचं हे काम पूर्ण बेकायदा ठरवणारे केंद्रीय कायदे आले ते १९९३ आणि २०१३ साली. वाड्यांच्या आठवणी लिहिणाऱ्यांच्या लेखणीतून बंब आणि घंगाळ हमखास उतरतात, हा मागचा बोळ क्वचितच.

मुंबईत सगळं उलट्या क्रमाने घडलं. १८५४ च्या पाणीटंचाईनंतर हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने आखलेली विहार तलावाची योजना १८६० मध्ये पुरी झाली. १८७९ मध्ये तुळशीचं पाणी आलं, १८९२ मध्ये तानसाचं. शहरात नळ आले, पण वापरलेलं पाणी वाहून नेणारी गटारं मोठ्या भागात नव्हतीच. गिरगाव, काळबादेवी, मांडवीत दोन इमारतींच्या मधे एक अरुंद घरगल्ली ठेवलेली असे. टोपल्यांचे संडास तिच्यातच उघडत आणि आता मोऱ्यांचं पाणीही तिच्यातच पडू लागलं. ती जमीन वर्षाचे बारा महिने ओली राहू लागली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. अधिकाऱ्यांचा संशय गेला तो या ओल्या जमिनीवर आणि तुंबलेल्या गटारांवर. उंदीर आणि पिसवा यांचा संबंध पक्का व्हायला अजून काही वर्षं होती. तोवर गटारांतून समुद्राचं पाणी आणि जंतुनाशकं सोडली गेली, भिंतींना चुना फासला गेला, माणसं घराबाहेर काढली गेली. रोगाचं कारण हुकलं, तरी एक गोष्ट सरकारी डोक्यात शिरली ती शिरलीच : गरिबाच्या घरातली मोरी हा सगळ्या शहराचा प्रश्न आहे. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले आणि चाळी बांधल्या.

चाळीतली मोरी हे या इतिहासातलं सर्वांत कसलेलं बांधकाम म्हणायला हवं. खोलीच्या कोपऱ्यात दोन-तीन फूट लांबी-रुंदीची जागा, वीतभर उंचीचा कट्टा, खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात एक भोक. एवढ्या जागेत पहाटे पाणी भरायचं, मग आंघोळी, मग धुणं, मग भांडी. कट्ट्यावर पिंप आणि कळशा. बायकांची आंघोळ पडद्याआड, पुरुषांची पुष्कळदा गॅलरीतल्या नळावर. संडास मजल्याच्या टोकाला, सामाईक, आणि सकाळी तिथे डबा घेऊन रांग. भाड्यात हे सगळं धरलेलं असे. मोरी फुटली तर मालकाने बघायचं, संडास तुंबला तर मालकाने बघायचं. भाडेकरूचा खर्च म्हणजे फार तर पडद्याचं कापड.

सरकार स्वतः घरमालक झालं तेव्हाही आराखडा फारसा निराळा नव्हता. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) निघालं. गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायच्या, असा बेत होता. पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीवर एक रुपया कर बसवला गेला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीत मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. दर इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, चार मजल्यांवर वीस-वीस, आणि संडास सामाईक. बांधून झाल्यावर कितीतरी खोल्या रिकाम्याच पडल्या. वरळीतल्या काही चाळी तर सत्याग्रह्यांना डांबायला तात्पुरता तुरुंग म्हणून वापरल्या गेल्या. ज्यांच्यासाठी घरं बांधली त्यांना ती कशी वाटतात, हे विचारायची सरकारला गरज वाटली नव्हती, एवढं त्यावरून सहज कळतं.

त्याच काळात दादर-माटुंग्याला वेगळं काही घडत होतं. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेल्या प्लॉटांवर मध्यमवर्गीयांसाठी इमारती चढत होत्या आणि त्यांत संडास घराच्या उंबऱ्याच्या आत आला होता. इतिहासकार निखिल राव यांनी ‘हाऊस, बट नो गार्डन’ या २०१३ च्या पुस्तकात मुंबईच्या या फ्लॅट-संस्कृतीचा शोध घेतला आहे. त्यातली कळीची गोष्ट म्हणजे घरातला संडास. सोवळंओवळं पाळणाऱ्या कुटुंबाला स्वयंपाकघरापासून चार पावलांवर संडास असणं पचणं सोपं नव्हतं. ते पचलं ते पाण्याच्या टाकीमुळे आणि पाइपामुळे. साखळी ओढली की सगळं पाइपातून खाली जातं आणि कोणी माणूस आत यावा लागत नाही, हे दिसल्यावर मन तयार झालं. तरीही संडास आणि न्हाणीघर वेगवेगळं, दोघांना दोन दारं, मागच्या अंगाला सफाईवाल्यासाठी वेगळा जिना, अशी रचना कितीतरी इमारतींत आजही दिसते. ‘संडास-बाथरूम एकत्र’ ही पुढे प्रतिष्ठेची खूण झाली, पण आधीच्या पिढीला त्याची किळस होती.

अभिरुचीही बदलत होती. नोव्हेंबर १९३७ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवलं. बारा दिवसांत लाखाच्या वर माणसं ते पाहून गेली. ओव्हल आणि मरीन ड्राइव्हच्या नव्या इमारती तेव्हा उभ्या राहत होत्या. त्याच सुमारास फरशीचा स्वदेशी धंदाही बाळसं धरत होता. १९२२ मध्ये फिरोजशा सिधवा आणि त्यांच्या पुतण्याने भारत टाइल्स सुरू केली होती, विलायतेहून येणाऱ्या मिंटनसारख्या फरश्यांना तोंड देणारी सिमेंटची नक्षीदार फरशी बनवायला. आज तशी फरशी जुन्या घरातून उखडून काढली तर ती भंगारात जात नाही, जुन्या वस्तूंच्या दुकानात जाते आणि चांगल्या भावाने विकली जाते. घर तोडायला काढलेल्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

मग आलं भाडेनियंत्रण. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. भाडेकरूला आधार मिळाला, पण मालकाचा मोरीतला रस त्या दिवसापासून संपला. दरमहा काही रुपये भाडं घेऊन संडासाचा बिडाचा पाइप कोण बदलणार? जुन्या इमारतींचा मागचा भाग, जिथे मोऱ्या आणि संडास एकावर एक होते, तिथलं लाकूड ओल खाऊन कुजत गेलं. कोसळण्याच्या घटना वाढल्यावर १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. शहर भागातल्या १९,६४२ जुन्या इमारती उपकरप्राप्त ठरल्या आणि भाडेकरूंकडून दुरुस्ती उपकर घेणं सुरू झालं. म्हणजे बिल पुन्हा फिरून सरकारी तिजोरीच्या वाटेने वापरणाऱ्याकडेच आलं.

चाळीतल्या कुटुंबांनी तोवर स्वतःच हात घातला होता. आधी मोरीच्या भोवती चार फूट भिंत, मग वर माळा, माळ्यावर पाण्याची टाकी. हाताशी थोडे पैसे आले की संडास आत घ्यायचा. एका खोलीच्या घरात नवा संडास बसवणं हे त्या घरातलं लग्नाखालोखालचं मोठं कार्य असे, आणि बहुतेक वेळा त्यामागे कारण असे ते म्हातारी आई किंवा नवी सून. लाकडी तुळयांवर एवढा भार आणि एवढं पाणी पेलवेल का, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारी.

ओनरशिपने चित्र पालटलं. गावदेवीची सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी १९१५ ची, पण सर्वसामान्य मध्यमवर्ग सोसायट्यांत शिरला तो १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा ओनरशिप फ्लॅट्सचा कायदा यांच्यानंतर. आता फ्लॅट आपला, तसंच बाथरूमही आपलं. सामानही देशात होऊ लागलं होतं. १९५८ मध्ये सुरू झालेल्या एच. अँड आर. जॉन्सनच्या पांढऱ्या चकचकीत टाइल्सनी साठ-सत्तरच्या दशकांतली बाथरूमं कंबरेपर्यंत पांढरी केली. राणीपेटची पॅरीवेअर होतीच, शिवाय १९६२ मध्ये आजच्या हरियाणातल्या बहादूरगडला हिंदुस्तान सॅनिटरीवेअरचा कारखाना सुरू झाला. बंबाची जागा गिझरने घेतली. नळ पितळेचे, पाइप जीआयचे, संडासाला ओरिसा पॅन. पुढे मोरबीने बाजारच ताब्यात घेतला. कौलं आणि घड्याळांसाठी ओळखलं जाणारं गुजरातमधलं हे गाव आज देशातल्या बहुतांश सिरॅमिक टाइल्स बनवतं. टाइल्स त्यामुळे स्वस्त झाल्या, आणि कंबरेपर्यंत थांबणारी भिंत छतापर्यंत पोचली.

शहराबाहेरचा जमाखर्च अगदी निराळा होता. रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ मध्ये अप्पासाहेब पटवर्धन यांनी भंगीकाम करायला मिळावं म्हणून उपवास केला आणि येरवड्यात गांधींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास धरला. याच अप्पांनी १९४८ मध्ये कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. मैल्याचं सोनखत करणारे साधे, स्वस्त संडास हे तिथलं काम. देहूला डॉ. सुहास मापुसकर १९५९ मध्ये सरकारी डॉक्टर म्हणून आले, आणि जंतांची औषधं देण्यापेक्षा घराघरात संडास बांधणं अधिक उपयोगाचं आहे, हे ओळखून त्यांनी आयुष्य त्या कामाला दिलं. मैल्यापासून गॅस काढणारे प्रकल्पही त्यांनी चालवले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि २०१४ नंतर स्वच्छ भारत मोहिमेत दर संडासामागे १२,००० रुपये मिळू लागले. शहरातल्या शोरूममध्ये भिंतीला टांगायचा एक बरा कमोड त्याच किमतीत मिळतो.

आता खालच्याच्या छताकडे वळायला हवं. जुने गवंडी ओल्या जागेला चुन्याचा कोबा करत. विटांचे तुकडे, चुना, त्यात गुळाचं आणि बेलफळाचं पाणी, आणि मग बायकांच्या रांगा बसून लाकडी थाप्यांनी दिवसचे दिवस तो ठोकत. मजुरी स्वस्त होती तोवर हे परवडलं. सिमेंट आल्यावर ठोकणं गेलं, पण ब्रिकबॅट कोबा टिकला. फ्लॅटमध्ये बाथरूमचा स्लॅब आसपासच्यापेक्षा खाली ठेवतात आणि त्या खळग्यात पाइप आणि नहाणी ट्रॅप टाकून वर कोबा भरतात. वीस-पंचवीस वर्षांनी जीआयचा पाइप गंजतो, ट्रॅपचा सांधा सुटतो, खळग्यात पाणी साठतं आणि एक दिवस खालच्या घराच्या छतावर पिवळा डाग उमटतो. त्या डागावरून महाराष्ट्रातल्या सोसायट्यांत जेवढी भांडणं झाली, तेवढी पार्किंगवरूनही झाली नसतील.

हा खर्च कोणाचा, याचं उत्तर आदर्श उपविधींत स्पष्ट आहे. पावसाची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने निस्तरायची. फ्लॅटमधल्या संडास-बाथरूमची आणि सिंकची गळती ज्याच्या घरातून होते त्याने. नव्या इमारतीत राहायला गेलेल्यांना आणखी एक आधार आहे : २०१६ च्या रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा. पुष्कळ जण या मुदतीतच स्वतःच्या खर्चाने बाथरूम फोडून नवं करतात आणि दोष कोणाचा, हे मग कोणालाच सिद्ध करता येत नाही. यापेक्षा महागडी हौस शोधून सापडणार नाही.

मग आज किती लागतात? मुंबई-पुण्यात पाच बाय सात फुटांचं बाथरूम मुळापासून नवं करायचं, आणि सामान मध्यम प्रतीचं, तर साधारण सव्वा ते सव्वादोन लाख रुपये धरावे लागतात. आयात केलेले नळ, काचेचं पार्टिशन, भिंतीत लपलेली टाकी घेतली की आकडा सहज तीन-चार लाखांवर जातो. शोरूममध्ये घसा कोरडा होईपर्यंत घासाघीस चालते ती टाइल्सच्या भावावर, आणि तिथेच गंमत आहे. भिंती सात फुटांपर्यंत आणि खालची फरशी मिळून, दार वजा जाता, या बाथरूमला साधारण १८५ चौरस फूट टाइल लागते. तुटफुटीचे दहा टक्के धरले तरी दोनशेच्या जरा वर. साठ रुपये फुटाची टाइल घेतली तर बारा हजारांच्या आसपास, दुप्पट किमतीची घेतली तर चोवीस. दोन लाखांच्या कामात हा फरक मोठा नाही. मोठा पैसा जातो तो तोडफोड, डेब्रिज उतरवणं, नवे सीपीव्हीसी पाइप, वॉटरप्रूफिंग, प्लंबर, मिस्त्री, लाइट-गिझरचं काम आणि नळ-कमोड यांत. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावरून गोण्या खाली आणायची मजुरीच कितीतरी जणांचा अंदाज चुकवते.

करही आहेच. जीएसटी आला तेव्हा टाइल्स आणि सॅनिटरी सामानावर २८ टक्के होता, नोव्हेंबर २०१७ मध्ये तो १८ वर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटही २८ वरून १८ टक्क्यांवर आलं. पण सिमेंटच्या पाच-सहा गोण्यांवर किती वाचणार? पक्कं बिल नको म्हणून कर वाचवणारे पुष्कळ असतात, आणि सहा महिन्यांनी ट्रॅप गळू लागला की ठेकेदाराचा फोन लागत नाही. बिल असेल तर निदान भांडायला कागद असतो.

वॉटरप्रूफिंगचे दहा-बारा हजार वाचवायचा मोह सर्वांत घातक. ते दिसत नाही, पाहुण्यांना दाखवता येत नाही, म्हणून अंदाजपत्रकात कात्री लागते ती तिथेच. बाथरूम गळलं तर पुन्हा सगळीच टाइल उखडावी लागते आणि खालच्या घराचं छतही रंगवून द्यावं लागतं. बरा मिस्त्री कोबा झाल्यावर दार-नाळी बंद करून दोन दिवस पाणी साठवून ठेवतो आणि खाली जाऊन छत बघतो. यात साहित्याचा खर्च जवळजवळ शून्य, लागतो तो वेळ. रोजंदारीच्या हिशेबात तोच नको असतो.

बीडीडी चाळींची गोष्ट इथवर येऊन पोचली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना पुनर्विकासातल्या ५०० चौरस फुटांच्या, दोन बेडरूमच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ज्या चाळींत आजोबा सामाईक संडासाच्या रांगेत उभे राहिले, तिथली नातवंडं आता दार लावून आपल्याच बाथरूममध्ये आंघोळ करतील. त्याबरोबर देखभाल खर्चही आला, आणि बाथरूममधून गळती झाली तर तिचं बिलही त्यांच्याच नावे निघेल.

ज्यांना हे काम यंदा काढायचं आहे त्यांनी ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये चार गोष्टी लिहून घ्याव्यात : पाइप कोणत्या कंपनीचा, वॉटरप्रूफिंगचे थर किती, पाणी साठवून किती दिवस बघणार, आणि डेब्रिज कोण, कुठे नेणार. टाइल बसण्याआधी भिंतीतल्या सगळ्या पाइपांचे फोटो काढून ठेवा. पुढे कधीतरी भिंतीत खिळा ठोकायचा असेल तेव्हा ते लागतील.